बायोडिझेल, नवा मालट्रक आणि हमीपत्राचा प्रश्न



ज्या गुरुवर्यांच्या स्मृत्यर्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालवीत आली आहे, त्यांनी आम्हांला रसायनशास्त्र शिकविले. वर्गात एखाद्या मुलाने "सर, हे रसायन घातक असते का?" असे विचारले, की ते लगेच उत्तर देत नसत. "किती प्रमाणात? किती शुद्ध? आणि बाटलीवरच्या चिठ्ठीची जबाबदारी कोणाची?" असे तीन प्रतिप्रश्न ते फळ्यावर लिहीत आणि मग तासभर त्यांवर बोलत. त्यांच्या नावाच्या व्याख्यानाला ट्रकच्या इंधनाचा रुक्ष विषय कशासाठी, असे काहींच्या मनात आले असेल. या विषयाचा उलगडा त्याच तीन प्रश्नांनी होतो, एवढेच माझे उत्तर आहे.

निमित्त मात्र वेगळे घडले. दोन वर्षांपूर्वी आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी माझ्याकडे आला. त्याचा एकच ट्रक. तो स्वतःच चालवितो आणि त्याच्यावर बँकेचे हप्ते फेडतो. माझे आयुष्य डिझेल इंजिनांच्या तपासणीत गेले हे त्याला ठाऊक होते. त्याच्या हातात कंपनीच्या सेवाकेंद्राचे पत्र होते. चार इंजेक्टर निकामी झाले होते आणि 'इंधन विहित मानकाप्रमाणे नसल्याने' वॉरंटीचा दावा अमान्य झाला होता. तो म्हणाला, "काका, बायोडिझेल टाकलं की वॉरंटी जाते, हे खरं का?"

हा प्रश्न सोपा वाटला, तरी त्याचे 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर देता येत नाही. ते का देता येत नाही आणि त्याऐवजी काय विचारावयास हवे, हे आज मी मांडणार आहे.

बायोडिझेल म्हणजे काय

रुडॉल्फ डिझेल यांनी आपले इंजिन मुळात वनस्पती तेलासाठीच बनविले होते, असा एक समज रूढ आहे. तो बरोबर नाही. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑटो कंपनीने मांडलेले एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविले गेले आणि प्रेक्षकांना फरक जाणवलाही नाही, असे खुद्द डिझेल यांनी १९१२ साली सांगितले. त्यामागची कल्पना फ्रेंच सरकारची होती. आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग मुबलक होता आणि त्यावर तेथल्या तेथे यंत्रे चालावीत, असा तो विचार होता.

परंतु तेल जसेच्या तसे इंजिनात घालणे दीर्घकाळ परवडत नाही. डिझेलपेक्षा वनस्पती तेल सुमारे दहापट दाट असते. इंजेक्टरातून त्याचे बारीक तुषार होत नाहीत, ज्वलन अपुरे होते, नोझलच्या टोकांवर काजळी बसते आणि पिस्टनच्या रिंगा चिकटतात. त्यावरचा उपाय ब्रुसेल्स विद्यापीठातील जी. शावान यांनी १९३७ साली पेटंटाच्या रूपाने नोंदविला. तेलाच्या रेणूत तीन मेदाम्लांच्या लांब साखळ्या ग्लिसरिनच्या एका कण्याला जोडलेल्या असतात. तेलात अल्कोहोल आणि थोडा उत्प्रेरक घातला, तर त्या साखळ्या ग्लिसरिनला सोडून अल्कोहोलशी जोडल्या जातात. एका अवजड रेणूचे तीन सुटसुटीत रेणू होतात. शावान यांनी पामतेल आणि इथाइल अल्कोहोल वापरले होते. १९३८ साली ब्रुसेल्स आणि लूव्हाँ यांच्या दरम्यान एक बस या इंधनावर धावली.

आज ही क्रिया बहुधा मेथनॉलने करतात. १०० किलो तेलास सुमारे ११ किलो मेथनॉल लागते आणि त्यातून सुमारे १०० किलो बायोडिझेल व १० किलोंच्या आसपास ग्लिसरिन मिळते. तेल सोयाबीनचे असो, पामचे असो, करंजाचे किंवा मोगली एरंडाचे असो, अथवा फरसाणाच्या कढईतले वापरून झालेले असो, तत्त्व एकच आहे. बायोडिझेलचे प्रमाण 'बी' या अक्षरापुढे आकडा लिहून दाखवितात. बी-७ म्हणजे सात टक्के बायोडिझेल आणि त्र्याण्णव टक्के खनिज डिझेल. बी-१०० म्हणजे शुद्ध बायोडिझेल.

येथे एक सावधगिरीचा शब्द. वनस्पती तेलावर उच्च दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून जे 'नवीकरणक्षम डिझेल' बनते, ते याहून वेगळे. त्याची रासायनिक घडण खनिज डिझेलसारखीच असते. आजच्या विवेचनात ते येत नाही.

आत काय राहून जाते

प्रयोगशाळेतील समीकरण फळ्यावर स्वच्छ दिसते. कारखान्यात ते शेवटपर्यंत नेणे हे कौशल्याचे काम आहे. क्रिया अर्धवट राहिली, तर अर्धे फुटलेले तेलाचे रेणू मागे राहतात. ग्लिसरिन नीट वेगळे केले नाही, तर ते टाकीच्या तळाशी बसते आणि फिल्टर तुंबवते. मेथनॉल पुरते काढले नाही, तर इंधन लवकर पेट घेणारे बनते. धुण्याचे पाणी राहिले, तर गंज आणि जंतू दोन्ही वाढतात. उत्प्रेरक म्हणून सोडियम किंवा पोटॅशियमचे क्षार वापरतात. त्यांचा अंश राहिला, तर त्याचे परिणाम काय होतात, ते मी पुढे सांगतो.

म्हणूनच मानके आली. अमेरिकेचे एएसटीएम डी-६७५१, युरोपचे ईएन-१४२१४ आणि आपले आयएस-१५६०७ ही शुद्ध बायोडिझेलची मानके आहेत. आपले मानक २००५ सालचे असून पुढे त्यात सुधारणा झाल्या. उदाहरणादाखल युरोपीय मानकाच्या काही मर्यादा पाहा: एकूण ग्लिसरिन ०.२५ टक्क्यापेक्षा जास्त नको, मेथनॉल ०.२ टक्क्यापेक्षा जास्त नको, पाणी किलोमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत हवे आणि सोडियम व पोटॅशियम मिळून किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत हवे. शिवाय ११० अंश सेल्सिअसला हवेच्या झोतात ते किमान आठ तास टिकले पाहिजे.

या शेवटच्या अटीचा अर्थ गृहिणींना सांगावा लागणार नाही. डब्यात राहिलेले तेल खवट होते, तसेच बायोडिझेलही हवेशी संयोग पावून खवट होते. त्यात आम्ल आणि चिकट राळ तयार होते. तांबे, पितळ आणि जस्त यांच्या सहवासात हे लवकर घडते. ज्या गाडीला रोजचे काम आहे, तिच्या टाकीत इंधन थांबतच नाही. तिला याची फारशी बाधा होत नाही. पावसाळाभर उभी राहणारी गाडी आणि वर्षातून चार वेळा चालणारा जनरेटर यांची गोष्ट निराळी.

जुने इंजिन आणि नवे इंजिन

आमच्या तरुणपणीचे मिस्त्री सांगत, की डिझेल इंजिन काहीही पचविते. त्या काळच्या इंजिनांपुरते ते बरेचसे खरेही होते. इंधन पंपाचा दाब काही शे बार असे, इंजेक्टर पूर्णपणे यांत्रिक असत आणि धूर सायलेन्सरमधून सरळ बाहेर पडे.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा ही प्रदूषणमर्यादा लागू झाली आणि ट्रकचा अंतर्भाग बदलला. आता कॉमन रेलमध्ये इंधनाचा दाब दोन हजार बारच्या घरात जातो. इंजेक्टरातील हलत्या भागांमधील फट काही मायक्रॉनांची असते. माणसाच्या केसाची जाडी सत्तर मायक्रॉनांच्या आसपास असते, यावरून कल्पना यावी. इतक्या बारीक फटीत राळेचा पातळ थरदेखील सुई अडकविण्यास पुरतो.

धुराच्या वाटेवरही आता एक छोटा रासायनिक कारखानाच बसविलेला असतो. आधी ऑक्सिडीकरण करणारा उत्प्रेरक, मग काजळी पकडणारा गाळक, ज्यास डीपीएफ म्हणतात, आणि शेवटी युरियाच्या द्रावणाच्या साहाय्याने नायट्रोजनची ऑक्साइडे नष्ट करणारा एससीआर उत्प्रेरक, अशी बहुतेक मोठ्या गाड्यांतील रचना असते. गाळकातील काजळी मधूनमधून जाळावी लागते. काजळी जळते, राख मात्र जळत नाही. राख गाळकात साठत जाते आणि सोडियम-पोटॅशियमसारखे धातू उत्प्रेरकाची शक्ती क्षीण करतात.

हा हिशेब एकदा करून पाहू. एक ट्रक वर्षाला १,००,००० किलोमीटर चालतो आणि लिटरला ४ किलोमीटर देतो असे धरू. म्हणजे वर्षाला २५,००० लिटर इंधन लागले. ते बी-२० असेल, तर त्यात ५,००० लिटर, म्हणजे सुमारे ४,४०० किलो बायोडिझेल आले. मानकाच्या कमाल मर्यादेइतके, म्हणजे किलोमागे ५ मिलिग्रॅम सोडियम-पोटॅशियम त्यात असेल, तर वर्षात एकूण २२ ग्रॅम धातू इंजिनातून गेला. आता हेच बायोडिझेल कोणी शेडमध्ये, न धुता बनविलेले असून त्यात धातू दहापट असेल, तर २२० ग्रॅम. नाव दोन्हींचे बायोडिझेलच, टक्केवारीही तीच. गाळकाच्या आणि उत्प्रेरकाच्या आयुष्यात मात्र फार मोठे अंतर पडेल.

नव्या इंजिनातील दुसरी अडचण शुद्ध बायोडिझेललाही चुकत नाही. गाळकातील काजळी जाळण्यासाठी धूर तापवावा लागतो. त्यासाठी काही इंजिनांत ज्वलन संपत आल्यावर सिलिंडरमध्येच थोडे जादा इंधन सोडतात. त्याचा काही अंश सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतो. खनिज डिझेलमधील हलके घटक गरम ऑइलमधून पुष्कळसे उडून जातात. बायोडिझेलचे घटक मात्र साडेतीनशे अंशांच्या आसपास उकळतात, त्यामुळे ते ऑइलमध्येच मुक्काम करतात. ऑइल पातळ होते, त्याची पातळी वाढते आणि बेअरिंगांचे संरक्षण कमी होते. ज्या इंजिनांत हे जादा इंधन धुराच्या नळीत स्वतंत्र इंजेक्टरने सोडतात, त्यांत ही अडचण उद्भवत नाही. एका उत्पादकाने २० टक्क्यांस मान्यता द्यावी आणि दुसऱ्याने पाच-सात टक्क्यांवर थांबावे, यामागे असे रचनेचे कारणही असते. ते नेहमीच अडवणुकीचे धोरण असते असे नाही.

बायोडिझेलच्या गुणांबाबतही न्याय केला पाहिजे. डिझेलमधील गंधक काढताना ज्या प्रक्रिया होतात, त्यांत त्याचा नैसर्गिक स्निग्धपणा जातो. एक-दोन टक्के बायोडिझेल तो परत आणते आणि पंपाची झीज रोखते. त्याच्या रेणूत प्राणवायू असल्यामुळे काजळी कमी होते आणि जी होते ती गाळकात तुलनेने कमी तापमानाला जळते. बायोडिझेलमध्ये लिटरमागे ऊर्जा सुमारे आठ टक्के कमी असते, तरी बी-२० मध्ये ही घट दोन टक्क्यांच्या आतच राहते. वापरलेले तेल पुन्हा कढईत किंवा गटारात जाण्यापेक्षा इंधनात जाणे केव्हाही बरे, हे सांगण्यास तर तज्ज्ञ नको. खाद्यतेल पुनःपुन्हा तळण्यावर भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून मर्यादा घातली आणि असे तेल बायोडिझेलकडे वळविण्याचा उपक्रमही सुरू केला. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट आहे.

अनुभव काय सांगतो

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात बोल्डर येथे एकाच बनावटीच्या नऊ शहरी बसगाड्यांची दोन वर्षे तुलना करण्यात आली. तिचा अहवाल २००६ साली आला. पाच गाड्या बी-२० वर आणि चार साध्या डिझेलवर, त्याच मार्गावर, प्रत्येकी सुमारे १,००,००० मैल धावल्या. इंधनाची सरासरी सारखीच आली आणि देखभालीच्या खर्चात संख्याशास्त्रीय दृष्ट्या ठोस ठरेल असा फरक निघाला नाही. फिल्टर तुंबण्याच्या ज्या तक्रारी आल्या, त्यांचा संबंध मानकाबाहेरच्या इंधनाशी होता. मात्र ती इंजिने २००० सालची, काजळीचा गाळक नसलेली होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मिनेसोटा राज्याचा अनुभव अधिक बोलका आहे. तेथे सप्टेंबर २००५ मध्ये सर्व डिझेलमध्ये दोन टक्के बायोडिझेल सक्तीचे झाले. डिसेंबरच्या थंडीत ट्रकचे फिल्टर तुंबू लागले आणि सक्ती काही काळ स्थगित करावी लागली. दोन टक्क्यांनी असे व्हावे याचे अनेकांना आश्चर्य वाटले. तपासात बायोडिझेलचा काही माल मानकाबाहेरचा, ग्लिसरिनचा अंश जास्त असलेला निघाला. त्याच सुमारास, २००६ साली, अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणक्षम ऊर्जा प्रयोगशाळेने देशभरातील शुद्ध बायोडिझेलचे नमुने तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक नमुने मानकात नापास झाले. पुढील एक-दोन वर्षांत कारखान्यांतील तपासणी कडक झाली आणि हे चित्र पुष्कळ सुधारले. मिनेसोटाने योजना सोडली नाही. २००९ साली पाच टक्के, २०१४ साली उन्हाळ्यापुरते दहा टक्के आणि २०१८ साली उन्हाळ्यापुरते वीस टक्के, असे ते राज्य पायरी-पायरीने वर गेले.

याच राज्यातील ब्लूमिंग्टन गावी जानेवारी २००९ च्या कडाक्याच्या थंडीत शाळेच्या बसगाड्या बंद पडल्या आणि शाळांना सुट्टी द्यावी लागली. दोष तत्काळ बायोडिझेलवर आला. पुढील तपासणीत मात्र मुख्य कारण ते नव्हते असे आढळले. वाईट बायोडिझेलने घात होतो हे जसे खरे, तसेच चांगले बायोडिझेल दुसऱ्याच्या अपराधाबद्दल बदनाम होते, हेही खरे. दोन्ही प्रसंगी निर्णय दिला तो नमुन्याच्या तपासणीने.

आपल्या गुजरातेतील उदाहरण घेऊ. भावनगरच्या केंद्रीय लवण व समुद्री रसायन संशोधन संस्थेने मोगली एरंडाच्या बियांपासून उत्तम प्रतीचे बायोडिझेल तयार केले आणि २००४ साली मर्सिडीज-बेंझच्या मोटारी त्या शुद्ध इंधनावर देशभर सुमारे ६,००० किलोमीटर धावल्या. तरीही पुढे विकल्या गेलेल्या गाड्यांस कोणी बी-१०० ची मोकळी परवानगी दिली नाही. यात विसंगती नाही. प्रयोगात प्रत्येक लिटर कोठून आला हे माहीत असते. महामार्गावर ते माहीत नसते.

हमी कोणाची आणि कशाची

आता हमीपत्राकडे वळू. ट्रक बनविणारी कंपनी आपल्या मालाची आणि कारागिरीची हमी देते. धातू सदोष निघाला, जोडणी चुकली, तर भाग बदलून देण्याचे तिचे वचन असते. इंधन ती बनवीत नाही आणि त्याची हमीही देत नाही. इंधन चांगले असल्याचे वचन इंधन विकणाऱ्याचे असते. अशी दोन वेगळी वचने आहेत आणि गाडीचा मालक त्या दोहोंच्या मध्ये उभा असतो.

यावरून दिसेल, की 'बायोडिझेलने वॉरंटी जाते का' या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. पहिला, कंपनीने आपल्या पुस्तिकेत किती टक्क्यांपर्यंत मान्यता दिली आहे? दुसरा, वापरलेले इंधन विहित मानकाचे होते का? तिसरा, जो भाग बिघडला तो इंधनामुळेच बिघडला का? क्लचची तबकडी झिजली, तर तिचा बायोडिझेलशी संबंध लावता येत नाही. इंजेक्टरांत राळ सापडली, तर तो लागतो. उलट बी-७ वापरूनही, ते इंधनच नासके असेल, तर इंजेक्टरांचा खर्च कंपनी देणार नाही. साधे डिझेल भेसळीचे असते, तरी ती दिला नसता.

अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने ग्राहकोपयोगी वस्तूंच्या हमीस शिस्त लावली. अमुकच नावाचा सुटा भाग किंवा तेल वापरा, अशी अट सहसा घालता येत नाही आणि दुसऱ्या मालामुळे नुकसान झाले असे म्हणावयाचे, तर ते कंपनीने दाखवून द्यावे लागते. परंतु हा कायदा घरगुती वापराच्या वस्तूंसाठी आहे. व्यापारी मालवाहतुकीच्या अवजड ट्रकला त्याचा आधार घेता येईलच असे नाही. तेथे प्रश्न सुटू लागला तो उत्पादकांच्या मान्यतेने. कमिन्स कंपनीने २००७ साली आपल्या २००२ नंतरच्या इंजिनांना बी-२० ची मान्यता दिली. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी २०११ च्या मोठ्या डिझेल पिकअप गाड्यांपासून ती दिली. अट एकच होती: इंधन मानकाचे हवे. युरोपात पंपावरील सामान्य डिझेलमध्ये सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेल मानकातच अंतर्भूत आहे. काही उत्पादक ठरावीक इंजिनांना बी-१०० चीही परवानगी देतात, पण ऑइल आणि फिल्टर लवकर बदलण्याच्या अटीवर.

आपल्याकडे २०१७ च्या सुधारित आयएस-१४६० मानकानुसार बीएस-सहा डिझेलमध्ये सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेल असू शकते. म्हणून अधिकृत पंपावरील डिझेलमध्ये ते मिसळलेले असले, तरी तेवढ्यावरून हमीस बाधा येत नाही. त्याहून अधिक प्रमाणासाठी गाडीच्या पुस्तिकेतील शब्द किंवा कंपनीची लेखी परवानगी हाच आधार. विक्रेत्याचे तोंडी आश्वासन येथे उपयोगी पडत नाही.

ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार किती, हेही ट्रकमालकांनी जाणून घ्यावे. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा मालक कायद्याच्या दृष्टीने 'ग्राहक' ठरत नाही. परंतु स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठीच ती वस्तू घेतली असेल, तर तो ग्राहक ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात हा भेद स्पष्ट केला आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही तो कायम आहे. स्वतःचा एक ट्रक स्वतः चालविणाऱ्यास ग्राहक आयोगाचे दार त्यामुळे उघडे राहते. मात्र त्या दारातून आत जाताना हातात पुरावा हवा.

मालकाने काय करावे

आपल्या प्रांतात ही गोष्ट विशेष निकडीची आहे. बायोडिझेलच्या किरकोळ विक्रीसाठी केंद्र सरकारने २०१९ साली मार्गदर्शक नियम केले. पाठोपाठ, २०२० व २०२१ च्या सुमारास, गुजरातेत, विशेषतः सौराष्ट्राकडे, 'बायोडिझेल' ही पाटी लावून भलतीच औद्योगिक तेले विकण्याचे अनेक प्रकार उघडकीस आले आणि शासनाला छापे घालावे लागले. ज्यात वनस्पती तेलाचा थेंबही नाही, असा माल या नावाने खपला. लिटरमागे काही रुपये वाचतात म्हणून तो घेणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. भाडे ठरलेले, टोल ठरलेला, हप्ता ठरलेला. चालकाच्या हाती कमी-जास्त करण्यासारखा खर्च एकच उरतो, तो इंधनाचा.

तरीही अनुभवावरून काही गोष्टी सांगतो. इंधन मान्यताप्राप्त ठिकाणीच भरावे आणि प्रत्येक वेळी पावती घ्यावी. जास्त प्रमाणाचे मिश्रण घ्यावयाचे असेल, तर त्या मालाचा तपासणी दाखला मागावा. ज्याच्याकडे दाखला नाही, त्याचा माल स्वस्त असला तरी घेऊ नये. जुन्या गाडीत बायोडिझेल प्रथमच वापरताना ते टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ धुऊन काढते. म्हणून पहिल्या काही भरणांनंतर फिल्टर बदलावा आणि जुन्या नायट्राइल रबराच्या नळ्या तपासाव्यात. पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरचा तळ वेळच्या वेळी सोडावा. दर आठवड्यास इंजिन ऑइलची काडी पाहावी. पातळी वाढलेली दिसली, तर ती आनंदाची गोष्ट नव्हे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकीत बायोडिझेलचे मिश्रण ठेवू नये.

सर्वांत महत्त्वाचे असे, की बिघाड झालाच तर टाकी रिकामी करू नये. आपला पहिला विचार टाकी धुवून गाडी चालू करण्याचा असतो आणि पुरावा तेथेच वाहून जातो. साक्षीदारांसमक्ष स्वच्छ बाटल्यांत दोन-तीन नमुने घ्यावेत, त्या सीलबंद करून त्यांवर तारीख घालावी, जुना फिल्टर जपून ठेवावा आणि दावा अमान्य झाल्यास कारण लेखी मागावे. नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत मानकानुसार उतरला, तर कंपनीस आपले म्हणणे सिद्ध करणे भाग पडते. उतरला नाही, तर पावतीच्या बळावर इंधन विकणाऱ्यास जाब विचारता येतो. दोहोंपैकी एक दार उघडतेच.

माझ्याकडे आलेल्या त्या माजी विद्यार्थ्यास दोन्ही दारे बंद होती. इंधन महामार्गालगतच्या एका शेडमधून घेतलेले, पावती नाही. टाकी मिस्त्रीने त्याच रात्री धुतलेली. त्या शेडमध्ये बायोडिझेल होते की आणखी काही, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हते. कंपनी चूक होती असे मी म्हणू शकलो नाही आणि तो चूक होता असेही म्हणवेना. घराच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेले पैसे इंजेक्टरांवर गेले आणि त्या पावसाळ्यात त्याच्या घराचे छप्पर गळतच राहिले. आता तो पावत्या एका वहीत चिकटवून ठेवतो. ती वही त्याने मला मुद्दाम आणून दाखविली.

बायोडिझेल चांगले की वाईट, असे आजही मला विचारतात. मी गुरुवर्यांचे तीन प्रश्नच पुढे करतो: किती प्रमाणात, किती शुद्ध आणि बाटलीवरच्या चिठ्ठीची जबाबदारी कोणाची? पहिल्याचे उत्तर गाडीच्या पुस्तिकेत आहे. दुसऱ्याचे प्रयोगशाळेत आहे. तिसऱ्याचे उत्तर मात्र इंधन घेताना मागून घ्यावे लागते, नंतर ते मिळत नाही. आपल्या शाळेतील जे विद्यार्थी उद्या ट्रक चालवतील, पंप चालवतील, किंवा ट्रक आणि इंधन बनवतील, त्या साऱ्यांस हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लागो, एवढी इच्छा व्यक्त करून आणि गुरुवर्यांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.